वाचनालयातील रक्तदाब तपासणी: प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते मार्च २०२५

१२ जून २०२४

कुडाळ तालुक्यातील आमच्या गावाच्या वाचनालयात दर बुधवारी सकाळी रक्तदाब मोजायचा आणि ज्यांचा वाढलेला निघेल त्यांचा पाठपुरावा ठेवायचा, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले. दुसऱ्या एखाद्या गावाला असेच काम उभे करायचे असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

निमित्त घडले ते १७ मेच्या शिबिराचे. जागतिक उच्च रक्तदाब दिनाला देवळाच्या सभामंडपात एका सकाळी शंभरावर लोकांचा रक्तदाब मोजला गेला. ज्यांचा १४०/९० च्या वर निघाला त्यांना ‘आरोग्य केंद्रात दाखवा’ अशी चिठ्ठी दिली गेली, फोटो निघाले आणि सगळे समाधानाने घरी गेले. या आठवड्यात आशाताईंनी ती यादी घेऊन घरोघर विचारपूस केली, तेव्हा बहुतेक चिठ्ठ्या भिंतीवरच्या कालनिर्णयामागे खोचलेल्या सापडल्या. जे मोजके लोक केंद्रात गेले, त्यांतल्या काहींचा रक्तदाब तिथे व्यवस्थित निघाला, त्यामुळे शिबिरातले मशीनच खोटे होते अशी बोलवा झाली ती वेगळीच.

गावात गेल्या काही वर्षांत ज्यांना हृदयविकाराचा झटका आला किंवा ज्यांच्या अंगावरून वारे गेले, त्यांतल्या अनेकांना आपला रक्तदाब आधी माहीत होता. तो कमी ठेवण्याचे काम मात्र मध्येच कुठेतरी सुटलेले होते. त्यामुळे मोजमाप विश्वासार्ह करणे आणि मोजलेल्या माणसाचा माग न सोडणे, ही दोनच कामे आम्ही अंगावर घेतली आहेत. औषध देण्याचे काम आमचे नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या २५ जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. सरकारी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात आणि उपचाराच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत.

पैसे: गावच्या मुंबई मंडळाकडून ८,००० रुपये आणि वाचनालयाच्या शिलकीतून २,००० रुपये. माणसे: मुंबईत रुग्णालयात नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेल्या एक परिचारिका, ज्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, आशाताई आणि लिखापढीसाठी मी.

१९ जून २०२४

यंत्राची खरेदी. सिस्टरांचा कल पाऱ्याच्या यंत्राकडे होता, कारण त्यांची उभी हयात त्यावर गेली. परंतु पारा फुटला तर वाचनालयात त्याची विल्हेवाट लावणार कोण, हा प्रश्न होता, आणि पाऱ्याची उपकरणे आता जगभर वापरातून काढली जात आहेत. घड्याळासारखी तबकडी असलेले यंत्र स्वस्त असते, पण ते आपटले की काटा हळूच सरकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी दंडाला पट्टा बांधण्याचे डिजिटल यंत्र घेतले. घेण्यापूर्वी त्या नेमक्या मॉडेलची चाचणी होऊन ते प्रमाणित झालेले आहे का, हे आंतरराष्ट्रीय यादीत पाहून घेतले. नुसते कंपनीचे नाव पाहून चालत नाही, कारण एकाच कंपनीचे एक मॉडेल यादीत असते आणि दुसरे नसते. यंत्राला २,३५० रुपये आणि विजेवर चालवण्याच्या अडॅप्टरला ४५० रुपये पडले.

एका सदस्यांनी मनगटावर बांधायचे यंत्र देणगी म्हणून आणून दिले. मनगटाचे यंत्र हात थोडा वरखाली झाला तरी आकडा बदलते. देणाऱ्याचे मन न दुखावता ते कपाटात कसे ठेवावे यावर खरेदीपेक्षा जास्त चर्चा झाली.

२६ जून २०२४

पहिला बुधवार. रांग वाचनालयाच्या पायरीपर्यंत गेली आणि शिबिरातला गोंधळ जसाच्या तसा इथे उतरला. वाचनालय चढावर आहे. माणसे पावसात छत्री सांभाळत धापा टाकत आत येतात, लगेच खुर्चीत बसतात आणि हात पुढे करतात. बाहेरच्या टपरीवर चहा नुकताच झालेला असतो. पट्टा फुगत असताना शेजारच्याशी भातलावणीची बोलणी चालू राहतात. या स्थितीत निघालेला आकडा त्या माणसाच्या नेहमीच्या रक्तदाबाचा नसतो.

दोन तासांनी काम थांबवले आणि नियम फळ्यावर लिहिले. आल्यावर लघवीला जाऊन यावे. बाकावर पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. आधीचा अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मशेरी यांपैकी काहीही नको. बाही वर सरकवून घट्ट होत असेल तर हात बाहीतून बाहेर काढावा. पहिल्या मोजणीनंतर मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचे आणि दोन्हींची सरासरी लिहायची. पट्टा फुगत असताना मोजणाऱ्यानेही बोलायचे नाही, हा नियम सिस्टरांनी माझ्याकडे पाहून घातला.

या पद्धतीने एका माणसाला दहा मिनिटे लागतात. पाच जण बाकावर आणि एक जण खुर्चीत, अशी साखळी धरली तरी एका सकाळी वीसच्या आसपास लोक होतात. म्हणजे शिबिरात शंभरावर लोकांची मोजणी झाली तेव्हा ती नीट झालेली असणे शक्यच नव्हते. पुढच्या बुधवारपासून वेळ लिहिलेले टोकन द्यायचे ठरले.

१० जुलै २०२४

पट्ट्याचा घोळ. बाजारात मासळी विकणाऱ्या एका काकींच्या दंडाला पट्टा जेमतेम पोहोचला, फुगू लागताच वेल्क्रो चर्रकन सुटले आणि यंत्राने मोजणी चुकल्याचे चिन्ह दाखवले. दुसऱ्यांदा सिस्टरांनी तो हाताने दाबून धरला तेव्हा १५८/९४ आला. शिंप्याच्या फितीने दंड मोजला तर ३४ सेंटीमीटर भरला, आणि पट्ट्यावर २२ ते ३२ असे स्पष्ट छापलेले आहे. ते आम्ही वाचले होते, पण दंड मोजून पाहण्याचे कुणाच्या मनात आले नव्हते. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी सुमारे ५ अंकांनी, तर अतिमोठा लागणाऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ २० अंकांनी जास्त आला होता. वीस अंकांत निरोगी माणूस रुग्ण ठरतो.

उलट बाजूही लगेच दिसली. गावातल्या कृश म्हाताऱ्या बायकांचे दंड २२ सेंटीमीटरही भरत नाहीत. त्यांना नेहमीचा पट्टा मोठा पडतो आणि आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी येतो, म्हणजे वाढलेला रक्तदाब झाकला जातो. मोठा पट्टा ७८० रुपयांना आणि लहान ६५० रुपयांना मागवला. दोन्ही त्याच कंपनीचे असावे लागतात, कारण दुसऱ्याच्या नळीचे तोंड बसत नाही. पावसामुळे पार्सल कुडाळला पडून राहिले आणि तोवर ३२ च्या वरचे आणि २२ च्या खालचे दंड असलेल्यांना परत पाठवावे लागले. फीत २० रुपयांची. ती पहिल्या दिवशीच घ्यायला हवी होती.

मोठ्या पट्ट्याने काकींचा रक्तदाब नंतर १४८/९० आला. वाढलेला तो आहेच, पण आता त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

३१ जुलै २०२४

कुणालाही एका दिवसाच्या आकड्यावरून चिठ्ठी द्यायची नाही, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून नक्की केले. १४०/९० किंवा त्यावर आला तर पुढच्या बुधवारी पुन्हा बोलवायचे, आणि त्या बुधवारीही तसाच आला तरच केंद्रात पाठवायचे. १८०/११० किंवा त्यावर असेल तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी. सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, चेहरा वाकडा होणे, हातापायातली ताकद जाणे यांतले काहीही असेल, तर बसची वाट पाहायची नाही, १०८ लावायचा.

वीज गेली की यंत्र बॅटरीवर चालते, आणि बॅटरी उतरलेली असली की पट्टा मध्येच थांबून पुन्हा फुगतो. त्यात माणूस घाबरतो आणि आकडा वाढतो. चांगल्या बॅटऱ्यांचा जादा जोड पेटीत ठेवला. वर्षभराचा बॅटरीखर्च ३२० रुपये धरला आहे.

२८ ऑगस्ट २०२४

आज काम थांबवून वही बदलली. अडचण अशी होती की १८० रुपयांची जाड नोंदवही घेऊन त्यात आम्ही येईल त्या क्रमाने नावे लिहीत गेलो होतो. एखादी व्यक्ती पुन्हा आली की तिचे आधीचे पान शोधण्यात वेळ जाई, तरी ते शोधून मिळे. जी व्यक्ती आलीच नाही, तिची आठवण मात्र त्या वहीतून कधीच होत नव्हती. न आलेल्यांची यादी काढायची तर सगळी वही पहिल्या पानापासून चाळावी लागे, आणि जुलैत ती एकदाही चाळली गेली नाही. दोन महिन्यांत पाठवलेल्यांपैकी निम्मे लोक दुसऱ्यांदा दिसलेलेच नाहीत, हे परवा सिस्टरांनी रात्री बसून वही तपासली तेव्हा कळले. १७ मेच्या शिबिरापेक्षा आम्ही फार पुढे गेलो नव्हतो. आमचे आकडे बरोबर होते, एवढाच काय तो फरक.

उपाय वाचनालयातच पडून होता. पुस्तकांची सूची संगणकावर गेल्यापासून सूचीपत्रांचे लाकडी कपाट माळ्यावर धूळ खात होते. त्याचा एक लांब खण उतरवला. प्रत्येक माणसासाठी एक कार्ड केले. त्यावर नाव, वाडी, फोन, दंडाचे माप आणि पट्टा कोणता, चालू गोळ्या, आणि खाली तारीखवार रक्तदाब. खणात वर्षातल्या प्रत्येक बुधवारसाठी एक पुठ्ठ्याचा विभाजक लावला. माणूस येऊन गेला की त्याचे कार्ड तो पुढे ज्या बुधवारी यायचा आहे त्या विभाजकामागे सरकते. दुपारी खोली बंद करताना आजच्या विभाजकामागे जी कार्डे उरतात, ती न आलेल्यांची यादी. वेगळे काही शोधावे लागत नाही आणि हिशेबही ठेवावा लागत नाही.

कार्डे छापून घ्यायला ९०० रुपये लागले आणि जुनी नावे उतरवण्यात सगळा आठवडा गेला. नवे काम सुरू करणाऱ्याने वही घेऊच नये, थेट कार्डांपासून सुरुवात करावी. मोबाइलवर ही नोंद ठेवणारी ॲप आहेत आणि सरकारी केंद्रांत ती वापरली जातात, पण आमच्याकडे रेंज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येते.

१८ सप्टेंबर २०२४

चतुर्थी ७ तारखेला होती आणि मागचा बुधवार नेमका गौरीपूजनाचा, त्यामुळे खोली बंद ठेवली. आज खणात दोन आठवड्यांची कार्डे साचलेली आहेत.

गणपतीत गोळ्या सुटतात. घरी पाहुणे, आरत्या, भजने, जागरणे यांत सकाळची गोळी राहते, एकदा राहिली की चार दिवस राहते, आणि त्या चार दिवसांत काही झाले नाही म्हणून पुढे ती गरजेची वाटत नाही. चाकरमानी मुले येताना आईवडिलांसाठी मुंबईच्या डॉक्टरांची औषधे घेऊन येतात आणि केंद्रातल्या गोळ्या ‘फुकटच्या’ म्हणून बंद करायला लावतात, हेही यंदा पाहिले. एका आजोबांकडे दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या आणि दोन्हींत ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचे एकच औषध होते. ते दोन्ही घेत होते. त्यांना त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवले.

त्यावरून कार्डावर आणि माणसाच्या हातातल्या छोट्या पुस्तिकेवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव मराठीत लिहिणे सुरू केले. पट्टीवरचे बारीक अक्षर वाचायला भिंग ठेवले आहे.

१६ ऑक्टोबर २०२४

मोजमापातली आणखी एक गळती सापडली. आम्ही हात ज्या टेबलावर ठेवत होतो, ते वर्तमानपत्र वाचण्याचे ठेंगणे टेबल आहे. उंच माणसाचा दंड त्यावर छातीच्या बराच खाली राहतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा एक अभ्यास याच महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात हात मांडीवर ठेवून मोजल्यास वरचा आकडा सुमारे ४ अंकांनी आणि हात बाजूला लोंबता ठेवल्यास साधारण साडेसहा अंकांनी जास्त आला. दंडावरच्या पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीला हवा आणि हात आधारावर सैल पडलेला हवा, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

तूर्त दिवाळी अंकांचे दोन बांधीव गठ्ठे कोपराखाली ठेवून उंची साधली. नंतर सुताराकडून दोन उंचींचे लाकडी ठोकळे करून घेतले, ६०० रुपये.

२३ ऑक्टोबर २०२४

उरलेल्या कार्डांमागची कारणे. गेले काही आठवडे आशाताई आणि सिस्टर न आलेल्यांना आधी फोन करतात, आणि फोन लागला नाही किंवा ‘येतो’ म्हणून आले नाहीत तर घरी जातात. कार्डाच्या मागे कारण लिहून ठेवायचे असे ठरवले होते. आज ती सगळी कारणे एकत्र वाचली. आमची समजूत अशी होती की लोक आळसाने किंवा अज्ञानाने येत नाहीत. कारणे वेगळीच निघाली.

सर्वांत जास्त वेळा लिहिलेले कारण एका काकांच्या शब्दांत असे: “माका काय होना नाय, मगे गोळी कित्याक खाव?” वाढलेला रक्तदाब दुखत नाही, आणि गोळी घेऊन कमी झालेलाही जाणवत नाही. त्यांना समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यांच्याच कार्डावरचे जूनचे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून दाखवणे जास्त उपयोगी पडते. वरचा आकडा ५ अंकांनी खाली आणला तर हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, हे २०२१ सालच्या मोठ्या एकत्रित विश्लेषणातून आलेले प्रमाण सिस्टर सांगतात, पण लोकांना ते फारसे भिडत नाही. स्वतःचे १६४ चे १३६ झालेले मात्र ते दुसऱ्यांनाही सांगत फिरतात.

दुसरे कारण पायांची सूज. “पाय सुजतत म्हणान सोडलंय,” असे तीनचार बायकांनी सांगितले. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. ते ठाऊक असलेले आहे आणि डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलून देऊ शकतात. परंतु गोळी देताना हे कुणी बोललेले नव्हते, आणि सूज म्हणजे किडनी बिघडली अशी भीती बसली होती. आता केंद्रात पाठवतानाच हे सांगतो आणि ‘स्वतःहून सोडू नका, इथे येऊन सांगा’ असे पुस्तिकेवर लिहून देतो.

तिसरे कारण आमच्या कल्पनेत नव्हते. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत अंगदुखीवर दुकानातून सुट्या गोळ्या घेऊन रोज खाल्ल्या जातात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी होतो. गोळी नियमित घेऊनही आकडा उतरत नसलेल्या काही जणांच्या पिशवीत या गोळ्या सापडल्या. कार्डावर ‘अंगदुखीची गोळी?’ असा एक रकाना हाताने वाढवला. पुढच्या छपाईत तो घालायचा आहे.

आणि चौथे, एसटी. सकाळची गाडी चुकली तर केंद्रात पोहोचेपर्यंत बाह्यरुग्ण विभाग बंद होतो, आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी दिवसाची मजुरी बुडते. इथे समजावण्याने काही होणार नाही.

२० नोव्हेंबर २०२४

विधानसभेचे मतदान. खोली बंद. आजची सगळी कार्डे पुढच्या बुधवारी सरकवली आणि फोन केले. सुट्टीच्या आठवड्यांची कार्डे आधीच सरकवून ठेवायची, हे गणपतीत सुचले नव्हते.

११ डिसेंबर २०२४

एसटीच्या प्रश्नावर मार्ग निघाला. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. ज्यांचा उपचार वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकदा ठरवून दिला आहे आणि रक्तदाब आटोक्यात आहे, त्यांना महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातूनच मिळाव्यात, अशी तरतूद उपक्रमात आहे. ती अमलात येत नव्हती, कारण उपकेंद्राने किती गोळ्या मागवायच्या हे कुणी सांगू शकत नव्हते. मागणी कमी केली तर गोळ्या संपतात, जास्त केली तर मुदत संपून वाया जातात. आमच्या खणातल्या कार्डांवरून पुढच्या महिन्यात कोणती गोळी किती जणांना लागेल हे दहा मिनिटांत मोजता आले. तो कागद दिल्यावर मागणी गेली आणि या महिन्यापासून गोळ्या उपकेंद्रात आल्या. पत्रव्यवहारात महिना गेला, पण या एका बदलाने खणात उरणारी कार्डे जितकी कमी झाली, तितकी आमच्या घरभेटींनी झाली नव्हती.

जे वृद्ध दिवाळीनंतर मुलांकडे मुंबईला जातात, त्यांचे काय करायचे हे पूर्ण सुटलेले नाही. जाण्यापूर्वी पुस्तिका पूर्ण भरून देतो, वैद्यकीय अधिकारी शक्य तेव्हा जास्त दिवसांच्या गोळ्या देतात, आणि कार्ड काढून न टाकता परत येण्याच्या अंदाजाच्या बुधवारी ठेवतो.

८ जानेवारी २०२५

तिमाहीचा हिशेब. गेल्या तीन महिन्यांत आलेल्यांपैकी बहुतेकांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, असे मंडळाला कळवायचा मसुदा मी तयार केला होता. सिस्टरांनी तो थांबवला. न आलेल्यांना हिशेबातून वगळले की आकडा आपोआप देखणा होतो, कारण गोळ्या घेणारेच येतात. त्यामुळे नोंदलेल्या प्रत्येकाला मोजायचे आणि जो तिमाहीत एकदाही आला नाही त्याला ‘नियंत्रणात नाही’ असेच धरायचे. तसे धरले तर निम्म्याहून थोडे अधिक लोक नियंत्रणात आहेत. मंडळाला हाच आकडा कळवला. एका पदाधिकाऱ्याने फोनवर नाराजी दाखवली, पण देणगी थांबली नाही.

याच काळात एक भर घातली. रक्तदाबाचा एकटा आकडा पुरेसा नसतो. बेचाळीस वर्षांच्या बाईचा १५० आणि विडी ओढणाऱ्या बासष्ट वर्षांच्या पुरुषाचा १५० यांत धोक्याचे अंतर मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुधारलेल्या तक्त्यांत रक्ततपासणीशिवायही वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंचीच्या मानाने वजन यांवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका रंगाने दिसतो. दक्षिण आशियासाठीचा तक्ता छापून भिंतीवर लावला. ज्यांचा रंग नारिंगी किंवा लाल येतो त्यांना साखर आणि कोलेस्टेरॉल तपासण्यासाठी पाठवतो. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन द्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतात.

या तक्त्यात धूम्रपान धरलेले आहे, मशेरी आणि चुना-तंबाखू नाही. आमच्या बायका विडी ओढत नाहीत, मशेरी लावतात, त्यामुळे त्यांचा रंग आहे त्यापेक्षा निश्चिंत दिसू शकतो. मशेरीसाठी कार्डावर वेगळी खूण केली आहे. ती सोडवण्यात अजून फारसे यश नाही. सकाळी दात घासण्याच्या वेळी लागणारी तलफ सर्वांत अवघड आहे, असे बायका सांगतात. सोडलेल्या दोघींनी पहिले काही दिवस त्या वेळी चूल पेटवण्याआधीच आंघोळ उरकली, म्हणजे सवयीचा क्रमच मोडला.

१२ फेब्रुवारी २०२५

मीठ. ‘जेवण अळणी करा’ हा सल्ला सपशेल फसला. ज्या घरात एकाला रक्तदाब आहे तिथे त्या एकासाठी वेगळी आमटी काही दिवस झाली, मग बंद पडली. म्हणून सल्ला देण्याऐवजी घरात मीठ किती लागते ते आधी मोजायचे ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच जणांच्या घरात एक किलोची पिशवी त्या हिशेबाने किमान ४० दिवस पुरली पाहिजे. पिशवीवर फोडल्याची तारीख लिहायला सांगितली. ज्या घरांनी लिहिली, त्यांतल्या बहुतेकांची पिशवी तीन आठवड्यांच्या आत संपली. यात लोणच्यासाठी घेतलेले जाडे मीठ धरलेलेच नाही.

मग मीठ कुठून येते ते एका घरात बसून पाहिले. उकड्या तांदळाच्या पेजेत मीठ, तिच्याबरोबर तळलेली सांडगी मिरची किंवा लोणचे, दुपारी सोलकढी, रात्री भाजलेला सुका बांगडा, आणि ताटात डावीकडे वाढलेले मीठ ते निराळे. सोलकढी आगळाची, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या कोकमाच्या रसाची होती. आगळ टिकवण्यासाठी त्यात इतके मीठ असते की बाटलीच्या तळाशी ते दिसत होते, तरी कढीत सवयीने वरून चिमूट पडली.

जेवण अळणी न करता जे काढता आले ते असे: पेजेत मीठ नाही, कारण सोबतची मिरची खारटच असते. आगळाच्या कढीत वरून मीठ नाही. सुका बांगडा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग भाजायचा. ताटात मीठ वाढायचे नाही, हवे त्याने मागून घ्यावे. शेवटच्या गोष्टीला सर्वांत जास्त विरोध झाला, आणि तो खाणाऱ्यांपेक्षा वाढणाऱ्यांचा होता, कारण मिठाशिवाय मांडलेले पान त्यांना अपुरे वाटते.

काही घरांनी बाजारातले कमी सोडियमचे मीठ आणू का, असे विचारले. जागतिक आरोग्य संघटनेने २७ जानेवारीलाच अशा पोटॅशियमयुक्त मिठाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले होते. तरीही आम्ही ते सरसकट सुचवत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, आणि आमच्या कार्डांवरच्या अनेकांना टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी चालू आहे, जिने शरीरातले पोटॅशियम आधीच वाढू शकते. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे, असे कार्डावर लिहितो.

२६ मार्च २०२५

शिमग्याची गडबड आटोपली. यंदा सुट्टीतली कार्डे आधीच सरकवलेली होती आणि गोळ्या आधीच्या आठवड्यात दिल्या गेल्या होत्या, त्यामुळे गणपतीसारखी तुंबलेली रांग झाली नाही.

एकूण खर्च ६,२५० रुपये झाला: यंत्र, अडॅप्टर, दोन पट्टे, फीत, बॅटऱ्या, वही, कार्डे आणि ठोकळे. ३,७५० रुपये शिल्लक आहेत. वहीचे १८० रुपये वाया गेले म्हणता येतील. खरा तोटा जुलै आणि ऑगस्टचा आहे, कारण त्या दोन महिन्यांत पाठवलेले काही लोक अजूनही परत आलेले नाहीत, आणि त्यांतल्या एकांना डिसेंबरात पक्षाघात झाला. त्यांचे नाव वहीत होते, पण कार्ड तयार झाले नव्हते.

यंत्र आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहिले. एकाच माणसाचे आलटूनपालटून काढलेले आकडे दोनतीन अंकांच्या फरकात जुळले. दर सहा महिन्यांनी हे करायचे आणि तारीख यंत्राच्या तळाला चिकटवायची.

मोठ्या पट्ट्याचे वेल्क्रो झिजले आहे आणि आज तो दोनदा सुटला. नवा मागवला आहे. तो येईपर्यंत ३२ सेंटीमीटरच्या वर दंड असलेल्यांची कार्डे एक आठवडा पुढे ठेवली, आणि त्यांना तसे फोन करून कळवायचे काम आशाताईंकडे आहे. गोळ्या मात्र त्यांनी उपकेंद्रातून ठरल्या दिवशीच न्यायच्या आहेत.